तांडेलांची गंगा

"पाय धुवन् आत या गो," तांडेलीण काकी दारात उभी राहून प्रत्येकीला बजावत होती. "लाद्यो पांढऱ्यो आसत. माती दिसता."

आम्ही बायका ओळीने पाय धूत होतो, पदर सावरत होतो आणि एकेक करून आत जाऊन, बघून, बाहेर येत होतो. देवळात जातात तशा. आत मात्र संडास होता.

आमच्या जुव्यावरचा पहिला. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. आमचा जुवा एवढासा की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला 'सत्य' म्हणावं. तोवर सगळं गाव ओहोटीच्या वेळी कांदळाच्या झाडांआड जायचं, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या, आणि मागाहून भरती येऊन सगळं घेऊन जायची. घाण जाते कुठे, हा प्रश्न जुव्यावर कधी कुणाला पडला नव्हता.

लवूदाजी तांडेलांचा मुलगा मोठ्या बोटीवर परदेशात होता. त्याने ते पांढरं भांडं पाठवलं होतं. गावात तीनच गोष्टींना मान होता, देवी, लाँच आणि गावकी, आणि तिन्हींच्या पुढे लवूदाजी. दाजी अंगणात खुर्चीवर बसून पुरुषमाणसांना सांगत होते, "खड्डो खणताना काय झाला म्हायत आसा? गडी आत गडप होयसर खाली गेले आणि पाणी लागला! गोडा! गंगा लागली म्हणा ना. मी थयच नारळ फोडलंय."

सगळ्यांनी त्या खड्ड्याच्या दिशेने हात जोडले. यात हसण्यासारखं आम्हाला काही वाटलं नाही. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या गावात जमिनीतून गोडं पाणी लागणं म्हणजे देवीचा हात डोक्यावर. माझ्या सासूनेही हात जोडले. मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला तो मी खाल्ला. चांगला गोड होता.

लग्न होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी खाडीपलीकडची, होडी वल्हवता येणारी, तोंडाने फटकळ. घरात सासू सत्यभामा, मोठी जाऊ रतन, आणि आमचे दोघींचे नवरे. ते दोघेही दाजींच्या लाँचवर खलाशी. रतन पोटुशी होती. सासूला आम्ही 'आये' म्हणायचो. आये बोलायची कमी, आणि बोलली की माणसाला ते दोन दिवस जेवताना आठवायचं.

गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, गोडी बाव. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगून राहतं. त्या सायीत आमची बाव बुडवलेली होती. म्हणून तिचे नेम फार. चप्पल घालून जायचं नाही. कळशी बाहेरून घासून मगच सोडायची. विटाळशी बाई बावीकडे फिरकायची नाही, आणि बाळंतीण तर बावीची पूजा होईपर्यंत तिची सावलीसुद्धा पाडायची नाही. बाव तांडेलांच्या परसाच्या खालच्या अंगाला, माडांच्या सावलीत होती. जागा छान होती हो.

माघात रतनला मुलगा झाला. आये त्याच आठवड्यात तापाने आडवी झाली. त्या दिवशी मी मासळी घेऊन पलीकडे बाजारात गेले होते. घरात पाण्याचा थेंब नाही आणि पोराने अंथरूण, दुपटं, आईचं लुगडं सगळं घाण करून ठेवलेलं. रतनने वाट बघितली, मग उठली आणि जाऊन एक कळशी काढून आणली. पूजा व्हायची होती.

कुणीतरी बघितलं. जुव्यावर कुणीतरी बघतंच.

आणि बावीचं पाणी तर त्याच सुमारास वास मारायला लागलं होतं. आधी कुजलेल्या पाल्यासारखा वाटायचा, मग तसाही वाटेना. सकाळी कळशीत बघावं तर वर तेलकट तवंग. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "पालो पडलो आसतलो."

देवळात गावकी बसली. गुरवाने देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या, उजवी पडली की डावी ते बघितलं, आणि दाजींकडे बघितलं. दाजींनी घसा साफ केला.

"सत्यावैनी, तुझ्या सुनेन बाव बाटवल्यान. देवीन कौल दिल्यान. पाणी निवळासर तुमच्या घराक बाव बंद, गाव बंद."

आये तापातून उठून आली होती. खांबाला धरून म्हणाली, "दाजीनू, एक कळशी काढल्यान. पोर धुवूक."

"एक काय नि शंभर काय? दुधात मिठाचो खडो एकच पुरे होता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या दोघींच्या नवऱ्यांना दुसऱ्या दिवशी लाँचवरून उतरवलं. ते गोव्याकडच्या कुणाच्या लाँचवर कामाला निघून गेले आणि घरात उरलो आम्ही तिघी बायका आणि एक मुतरा पुरुष.

वाळीत पडणं म्हणजे काय हे पडल्याशिवाय कळत नाही. कुणी मारत नाही, शिव्या देत नाही. तुम्ही समोरून आलात की माणसं बाजूच्या माडाकडे बघायला लागतात. आयुष्यात माडाकडे एवढं बघितलं नसेल कुणी. बाळाच्या बारशाला आम्ही वाटली डाळ केली. ती आम्हीच खाल्ली.

पाणी पलीकडून आणायचं. तिथे तरीवर, म्हणजे होड्या लागतात त्या धक्क्यावर, सरकारी नळ होता. मी भरतीबरोबर होडी घालायची, कळशा-हंडे भरायचे, पाणी हिंदकळू नये म्हणून वर आंब्याची पानं टाकायची आणि प्रवाहाशी भांडत परत यायचं. हाताला घट्टे पडले. आयेला त्या घट्ट्यांचं काही नव्हतं. ती पाणी ओतून घेताना रतनला ऐकू जाईल असं म्हणायची, "एका कळशेपायी गाव घालवल्यान." रतन पोराला पाजत भिंतीकडे तोंड करून बसायची. मला आयेचा राग यायचा. मला वाटायचं, या बाईला सुनेपेक्षा, नातवापेक्षा गाव प्यारं आहे.

शेजारच्या भागीरथीने मात्र आमच्याशी बोलणं सोडलं नाही. तिने त्यावर उपाय काढला होता. ती आमच्या कुंपणाशी येऊन कोंबडी शोधायची. कोंबडीशी बोलायला गावकीची हरकत नव्हती.

"काय गो कोंबडे," भागी एका सकाळी कुंपणापलीकडून मोठ्याने म्हणाली, "आज बावीच्या पाण्याक कसलो वास मारता सांगू? फिनेलचो!"

आये बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. तिचा हात थांबला. ती बाळाला म्हणाली, "ऐकलंस रे बाबू? फिनेल म्हणता ती. फिनेल कोणाकडे आसा रे जुव्यार?"

"काल तांडेलांकडे पाव्हणे इल्ले गो कोंबडे. चेडवाक बघूक. तांडेलणीन संडास घासून घासून निसतो आरसो केल्यान. अख्खी बाटली ओतल्यान म्हणा. आणि आज बावीर दवाखानो झालो."

"मगे बाबू, बावीरल्यो बायलो काय बोलल्यो?"

"काय बोलतल्यो गो? माझो घोव दाजीच्या लाँचर आसा. सगळ्यांचे घोव दाजीच्या लाँचर आसत. तांडेलीण तर सगळ्यांका सांगत फिरता, आमचो खड्डो भरनाच नाय, दिवाळीपासून वापरतो तरी रिकामो तो रिकामोच, गंगेचो परताप."

मी पडवीत मासे निवडत होते. तिथेच बसून राहिले.

आये शांतपणे म्हणाली, "बाबू, इचार रे तिका, ती पिता काय ता पाणी?"

"वाळो घालतंय, तुळशीची पाना घालतंय, फडक्यान गाळतंय," भागी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "नाक दाबून पितंय. काय करू? सासरो पिवळो झालो आसा. डोळे बघ, हळद लावल्यासारे." आणि मग एकदम मोठ्याने, "खय गेली मेली कोंबडी ती!" म्हणत निघून गेली, कारण वाटेवर कुणीतरी आलं होतं.

दिवाळीपासून. म्हणजे वाळीत पडेपर्यंत आम्हीही तेच प्यायलो होतो. त्यात भात शिजवला होता. देवाला अंघोळ घातली होती. रतनला बाळंतपणात उकळून घोट घोट दिलं होतं. मी उठले आणि परसात जाऊन पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. मग चुळा भरल्या. दिवसभर मधेच उठून चुळा भरत होते. तोंडातून ती चव जाईना. खरं तर चव नव्हतीच, आठवण होती, पण जिभेला तेवढं समजत नाही.

मला वाटलं, आता गाव उठेल. फिनेलचा वास तर प्रत्येक बाईच्या नाकाने घेतला होता. एकही तोंड उघडलं नाही. भागीचा सासरा गेला. आम्हाला जवळ जायची बंदी, म्हणून आम्ही कुंपणातून बघितलं. त्याला बावीच्याच पाण्याने अंघोळ घातली, तोंडात तेच पाणी सोडलं. खांद्यावर घेऊन निघाले तेव्हा पुढे दाजी होते, डोळे पुसत. खरे अश्रू होते. त्याचीच मला जास्त किळस आली.

मग गावात आणखी दोघं-तिघं पिवळी पडली. आणि वाळीत टाकलेलं आमचं घर धडधाकट. बाळ तर लोण्याच्या गोळ्यासारखं झालं होतं. हे लोकांच्या नजरेत यायला लागलं. बोलत कुणी नव्हतं, पण माडाकडे बघायचं सोडून आता बाळाकडे बघायचे. दाजी हुशार माणूस. शिमग्याच्या तोंडावर गुरव निरोप घेऊन आला.

"देवीन उजवो कौल दिल्यान," गुरव पायरीखालूनच म्हणाला. "पाणी निवळला. पालखी भायर पडाच्या आधी बावीर येवा. बाळंतिणीची पूजाय थयच होतली. दाजी सोताच्या हातान ओंजळ देतले. घरातल्या सगळ्यांनी पिऊची. पोराच्या व्हटाकय लावूची. झाला, गावात इलास."

"पाणी निवळला?" मी विचारलं.

"देवीन सांगल्यान," गुरव म्हणाला. त्याचे डोळे पिवळे होते.

तो गेल्यावर मी आयेकडे वळले. "आये, त्या पाण्यात काय आसा ता तुका म्हायत आसा."

"आसा."

"तरी जातलंस?"

"मी मेलंय तर माका खांदो कोण देतलो? तू होडयेत घालून नेतलंस?"

"नेतलंय!"

"नेशीत," आये म्हणाली. "तुझो भरवसो नाय. पण माझे झील परमुलखात खलाशी म्हणान राबतत. त्यांका हयल्या लाँचर कोण घेतलो? ह्या पोराच्या लग्नात अक्षता कोण टाकतलो, तरीवरचो नळ?"

रतन पोराला छातीशी धरून उभी राहिली. महिन्याभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला. "माझ्या बाबूच्या व्हटाक मी ता लावूक देवचंय नाय. माका परत माहेराक धाडा, पण देवचंय नाय."

"तू गप रव," आये म्हणाली. "तुझ्यामुळेच झाला सगळा. सकाळी दोघींनी न्हावन् बऱ्या साड्यो नेसा. पोराक टोपडा घाला."

त्या बाईकडे बघवेना मला. घरच्यांना गू पाजायला निघाली होती, आणि तेही टोपडं घालून.

सकाळी आम्ही निघालो. आये पुढे, हिरवट नऊवारीत, ताठ. आम्ही दोघी मागे. मी मनाशी ठरवलं होतं की ओंजळ दाजींच्या अंगावर फेकायची आणि होडीत बसून माहेरी जायचं. बावीभोवती सगळं गाव जमलं होतं. ढोल वाजत होता. वाळ्याच्या जुड्या बावीत सोडल्या होत्या, कठड्यावर तुळशीचा ढीग. त्या सगळ्या सुगंधाच्या खालून तो दुसरा वास येत होता, दबकत, मोरीत मेलेल्या उंदरासारखा. माणसं त्यात हात जोडून उभी होती.

बाव दहा-बारा पावलांवर असताना आये गर्रकन मागे फिरली आणि ओरडली, "थयच रवा! फुडे पाय घालू नकात!"

ढोल थांबला.

आयेने कपाळाला हात लावला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दाजीनू, काय सांगू? माझ्या दोनय सुनांका कावळो शिवलो. आजच सकाळी. नेम तुमचो. त्यांका बावीर हाडूची की नाय, ता तुमीच सांगा."

माझ्या कानात जाळ झाला. सगळे पुरुष आमच्याकडे बघत होते. धादांत खोटं! मी तोंड उघडलं तर रतनने माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

तांडेलीण काकी पुढे आली. "रतनाक? ती आंगार पाजता. बाळंत होवन् दोन म्हयने झाले नाय. इतक्यात?"

"आमच्या घरात इतक्यात येता," आये म्हणाली. "बघूक येतंस?"

कुणीतरी बाई फिस्सकन हसली. पुरुषांना एकाएकी माडांची आठवण झाली. सगळे वर बघायला लागले.

दाजींनी बाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "पोराक तरी हाड."

"पोर आवशीच्या आंगार आसा, दाजीनू. इटाळशीकडना घेवन् पोराक हात कोण लावतलो? तुमी लावशात? मगे त्याच हातान बावीत कळशी सोडशात?"

आता मला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. एका कळशीसाठी या गावाने आमचं घर बाहेर टाकलं होतं. मग आज दोन विटाळशा बावीवर कशा चालतील? दाजींनी लावलेल्या कुंपणात दाजीच अडकले होते, आणि ते आयेला माहीत होतं, दाजींना माहीत होतं. बाकी गाव माडाकडे बघत होतं.

"बरां," दाजी म्हणाले. "तू घरची म्हातारी. तू घेतलंस म्हणजे घरान घेतला."

त्यांनी कळशी सोडली, भरली, वर ओढली. पहिल्यांदा स्वतःची ओंजळ भरली. मी टक लावून बघत होते. त्यांचा हात तोंडाशी जाऊन थांबला. एवढासाच. मग ते प्यायले. गळ्यातली घाटी वर गेली आणि वरच राहिली, खाली येईचना. शेवटी आली. मिशा पुसून ते म्हणाले, "गोडा आसा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माणूस आपलाच संडास पितो पण चूक कबूल करत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. नंतर आयुष्यात कुणाच्या कुठल्याही हट्टाचं मला फारसं नवल वाटलं नाही.

मग त्यांनी आयेच्या ओंजळीत पाणी ओतलं. आयेने देवीच्या दिशेने एकदा बघितलं आणि प्यायली. घाई नाही, तोंड वाकडं नाही. बोटांच्या फटींतून थेंबही सांडू दिला नाही. पदराने ओठ टिपले.

"गोडा आसा, दाजीनू."

ढोल सुरू झाला. मग सगळं गाव एकेक करून प्यायलं. तांडेलीण काकी प्यायली. गुरव प्यायला. भागी डोळे मिटून प्यायली. आणि पिऊन झाल्यावर प्रत्येक जण आयेजवळ येऊन तिच्या खांद्याला हात लावून म्हणत होता, "इलंस गो बाय, गावात इलंस." माणसांना खरोखर आनंद झाला होता. आयेच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी पिचलेली बांगडी मनगटावरून काढत उभी राहिले.

घरापर्यंत ती ताठ चालली. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलली. अंगणातून वळून घराच्या मागे गेली, माडाला धरून वाकली आणि दोन बोटं घशात घातली. मी धावत जाऊन तिचं कपाळ धरलं. रतनने पोराला पडवीत ठेवलं आणि नळाच्या पाण्याचा तांब्या आणला. पुन्हा पुन्हा बोटं घालून तिने पोट पिळून काढलं. मग चुळा भरल्या, तांब्याभर.

"आये, माका आधी सांगूचा होता," मी म्हटलं.

"सांगलंय असता तर तुझ्या तोंडार दिसला असता," ती धापा टाकत म्हणाली. "तुझा तोंड म्हणजे दाराशिवायची खोली."

रतन तांब्या धरून हमसून रडायला लागली होती. आयेने तिच्याकडे बघितलं. गेल्या कित्येक दिवसांत सरळ बघितलं नव्हतं.

"रडतंस कित्याक? एक कळशी तू काढलंस, एक ओंजळ मी पिलंय. झाला. जा, पोराक घे, मुंगळे चढतीत."

रतन आत गेली. आये माडाच्या बुंध्याशी टेकून बसली. रंग उतरला होता, पण डोळे जागे होते. पलीकडून ढोलाचा आवाज येत होता. पालखी निघाली होती.

"शालन," ती म्हणाली, "भरती आसा अजून. होडी काढ. पाणी संपत इला."

"आता? सगळो गाव पालखीत आसा."

"म्हणानच आता. आणि येताना कळशांर जाळा घाल, वर मासळीची पाटी ठेव. बायल मासळी घेऊन इली, येवढाच दिसाक व्हया. आता आपण गावातली. आपल्या घरात भायरचा पाणी दिसता नये."

म्हणजे वाळीत होतो तेव्हा स्वच्छ पाणी उजळ माथ्याने आणत होते, आणि गावात आल्यावर ते चोरून आणायचं. मी हसावं की काय करावं म्हणून तशीच उभी राहिले.

"बघतंस काय? जा," आये म्हणाली. मी निघाले. होडी चिखलातून ढकलून पाण्यात घातली, वल्हं उचललं, तोवर मागून तिची हाक आली. माडांना धरत धरत ती काठापर्यंत आली होती.

"आणि इचार करीत जा गो! कावळो चार दिस पुरतलो. पाचव्या दिसाक लोक इचारतीत, बावीर कित्याक येनास नाय? मगे काय सांगूचा?"